लोणारचं गुलाबी पाणी आणि आपली घोड

जून २०२० आठवतोय? बुलढाण्याचं लोणार सरोवर एकाएकी गुलाबी झालं. ज्याने त्याने तर्क लढवले. वनविभागाने मात्र पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरीला आणि पुण्याच्या आघारकर संस्थेला दिले; हायकोर्टानेही लक्ष घातलं. उत्तर मिळालं: पाणी आटून खारटपणा वाढला, त्यात मिठात जगणारे सूक्ष्मजीव फोफावले. त्याच नोव्हेंबरात लोणार रामसर यादीत गेलं.

आता आपली घोड बघा. डिंभ्यातून निघून पारगावजवळून पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते. तिथे भिगवणला रोहित पक्षी उतरतात. धरण जलसंपदाचं, पक्षी वनविभागाचे, मग सांडपाणी कुणाचं? लोणारसारखं सगळ्यांनी एकत्र बसून घोडचं पाणी का तपासू नये? नदीला खात्यांच्या हद्दी कळत नाहीत, राव!