गिरगावच्या वाड्या आणि त्यांतील फळझाडे

सफरचंद किंवा नासपती यांसारख्या थंड हवेच्या झाडांना कळ्या फुटण्यापूर्वी ठरावीक काळ कडक थंडी मिळावी लागते, म्हणून त्या प्रदेशांत झाड निवडताना हिवाळ्यात पारा किती उतरतो हे आधी पाहिले जाते. मुंबई बेटावर तशी थंडी नाही. परंतु चार महिन्यांचा मुसळधार पाऊस, पुढचा आठ महिन्यांचा कोरडा काळ, समुद्राचा खारा वारा आणि ठिकठिकाणी मचूळ झालेले पाणी यांमुळे येथील वाडीवाल्यांपुढची निवडही तितकीच कठीण होती.

या कसोटीला सर्वांत चांगला उतरला तो माड, कारण त्याची तंतुमय मुळे खारट ओल सोसतात, खोड वाऱ्याला वाकते पण सहसा मोडत नाही, आणि फळ बारमाही मिळते. माडांच्या मुळाशी कुजकी मासळी खत म्हणून घालण्याची येथील रीत १७व्या शतकाच्या उत्तरार्धात आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टराने नोंदवली आहे. बेटावरची रोगराई या दुर्गंधीतूनच उपजते, अशी त्या काळच्या इंग्रजांची समजूत होती. रेताड जमिनीला सकस करण्याचा हा उपाय मात्र कोळ्यांचे जाळे आणि भंडाऱ्यांचा माड यांना एकत्र आणणारा, फार शहाणपणाचा होता.

वाडी म्हणजे घर, विहीर आणि भोवतीची झाडे मिळून झालेली जागा. गिरगाव परिसरातील फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, जांभूळवाडी ही नावे एखाददुसऱ्या ठळक झाडावरूनही पडली असतील, तरी त्यांतून निवडीचा माग लागतो: फणसाच्या मुळाशी पाणी साचले की तो कुजतो, म्हणून त्याला निचऱ्याची जागा लागते; जांभूळ पाणथळ जागेतही तग धरते; केळ वाऱ्याने आडवी होते, म्हणून तिला घराच्या आडोशाला, नहाणीच्या पाण्यावर लावणे सोयीचे.

आंब्याची कहाणी जुनी आहे. १६व्या शतकाच्या मध्यास मुंबई बेट खंडाने घेतलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात आपल्या येथील एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येते असे सांगितले आहे, आणि पुढे माझगावच्या आंब्याचीही तशीच ख्याती झाली. असा गुण कोयीतून उतरेलच याची खात्री नसते. तो राखायचा तर कलम, म्हणजे निवडलेल्या झाडाची फांदी दुसऱ्या रोपावर जोडणे, हाच भरवशाचा मार्ग.

१८५४ नंतर गिरण्या आल्या, १८६०च्या दशकातील कापसाच्या तेजीत जमिनीचे भाव भडकले आणि वाड्यांत चाळी उभ्या राहिल्या. पण जी झाडे उरली होती त्यांच्यावर आणखी एक घाव विहिरींच्या बाजूने आला. शहरातील हिवतापाचे डास विहिरींत वाढतात, असे चार्ल्स बेंटली यांच्या १९११ च्या अहवालाने दाखवून दिल्यावर अनेक विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. लोकांच्या जिवासाठी ते आवश्यकच होते. मात्र जून झालेला आंबा किंवा जांभूळ खोल मुळांच्या बळावर उन्हाळा काढतो. केळ आणि पोफळ यांना विहिरीवाचून तो काढता येत नाही.