स्थितीनिरीक्षणावर आधारित रेल्वे देखभाल

चाके, बेअरिंग, रूळ, सांधे, सिग्नल यंत्रणा यांची प्रत्यक्ष अवस्था उपकरणांनी वेळोवेळी मोजून, त्या नोंदींवरून दुरुस्ती कधी आणि कशाची करायची हे ठरवण्याची पद्धत. रेल्वेत देखभालीच्या दोन रीती पूर्वापार चालत आल्या आहेत : बिघाड झाल्यावर दुरुस्ती, आणि ठरलेली मुदत किंवा किलोमीटर भरले की तपासणी. मुदतीच्या तपासणीत धडधाकट भागही उघडले जातात आणि मुदतीआधी झिजलेला भाग मात्र निसटून जातो. ही उणीव भरून काढणे हा स्थितीनिरीक्षणाचा हेतू. निरीक्षण स्वतः नवे नाही. रोज आपल्या टप्प्यातले रूळ पायी तपासणारा कीमन आणि चाकावर हातोडी मारून नाद ऐकणारा तपासनीस हेच काम करत आले. त्यांच्या कानाला आणि नजरेला जे कळे, त्याची अखंड, तुलना करता येईल अशी नोंद उपकरणांमुळे राहू लागली.

मोजमापाची उपकरणे काही रूळालगत असतात, काही गाडीवर. हॉट अ‍ॅक्सल बॉक्स डिटेक्टर धावत्या गाडीच्या बेअरिंगांचे तापमान अवरक्त किरणांवरून टिपतो. भारतीय रेल्वेवरील ‘वाइल्ड’ (व्हील इम्पॅक्ट लोड डिटेक्टर) हे चाकाचा रुळावरील आघात मोजणारे उपकरण लखनौची रेल्वे संशोधन संस्था आरडीएसओ आणि आयआयटी कानपूर यांनी विकसित केले. ब्रेक जखडून चाक घसटत गेले की त्याचा घेर एका जागी सपाट होतो. ही सपाटी मालडब्याला ६० मिमीपर्यंत आणि प्रवासी डब्याला ५० मिमीपर्यंतच चालते. असे चाक दर फेऱ्याला रुळावर एक ठोका देते. वेल्डिंगने सलग जोडलेला रूळ थंडीत आक्रसू पाहतो आणि आधीच ताणाखाली असतो, त्यामुळे त्या दिवसांत हे ठोके अधिक घातक ठरतात. रुळांच्या भूमितीसाठी मापन गाड्या असतात : जपानच्या शिंकान्सेनवरील पिवळी ‘डॉक्टर येलो’ आणि ब्रिटनमध्ये २००३ पासून धावणारी न्यू मेजरमेंट ट्रेन या त्यांतल्या प्रसिद्ध. रुळाच्या पोटातली चीर अल्ट्रासॉनिक तपासणीत सापडते.

या पद्धतीचे मर्म पॉइंट मशीनवर, म्हणजे गाडीचा मार्ग बदलणारा सांधा हलवणाऱ्या मोटरच्या यंत्रावर, उत्तम दिसते. सांधा बदलायला मोटरला काही सेकंद लागतात. त्या वेळात मोटरने घेतलेल्या विजेचा आलेख काढला, तर सुरुवातीला उंच टोक, मग सपाट भाग आणि कुलूप बसताना छोटा चढ दिसतो. सरकपाटांचे वंगण सुकले की मधला सपाट भाग हळूहळू वर सरकतो. जिभेच्या रुळामागे खडी अडकली की अखेरीला प्रवाह एकदम चढतो आणि खाली येत नाही. भारतात ५ मिमीचा अडथळा ठेवून सांधा कुलूपबंद होत नाही ना, हे नियमाने तपासले जाते. ती चाचणी त्या क्षणापुरते उत्तर देते. आलेख मात्र पुढच्या आठवड्यात काय होणार याची चाहूल देतो. मुंबईच्या उपनगरी मार्गावर रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी वाहतूक रोखलेल्या वेळेत, मोजकेच तास हाती येतात. कोणत्या सांध्याला वंगण हवे आणि कोणत्याची मोटर बदलायची हे आधी ठाऊक असेल, तरच त्या तासांचे चीज होते.

एकेका आकड्यापेक्षा आकड्यांचा कल महत्त्वाचा, हे अमेरिकेतील ईस्ट पॅलेस्टाइन (ओहायो) येथील अपघाताने फार महागात शिकवले. ३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री नॉरफोक सदर्नच्या मालगाडीतले एक बेअरिंग तापत होते. पहिल्या डिटेक्टरवर ते बाहेरच्या हवेपेक्षा २१ अंश सेल्सिअसने गरम होते, सुमारे १७ किमी पुढच्यावर ५७ अंशांनी आणि आणखी सुमारे ३१ किमी पुढे १४१ अंशांनी. गाडी थांबवून तपासण्याची मर्यादा ९४ अंशांची होती, म्हणून दुसऱ्या नोंदीनंतरही चालकाला इशारा गेला नाही. तिसऱ्या ठिकाणी इशारा मिळाला, पण गाडी थांबेपर्यंत ३८ डबे घसरले. काही टाक्यांत घातक रसायने होती आणि आसपासच्या रहिवाशांना घरे सोडावी लागली. आकडा मर्यादेच्या आत असला, तरी दोन नोंदींत जवळपास तिप्पट होणारे तापमान हीच धोक्याची खूण मानायला हवी होती. शिवाय उष्णता हे बेअरिंगच्या बिघाडाचे बरेच उशिराचे लक्षण आहे. आतली खरखर त्याआधी कंपनांत आणि आवाजात उमटते, म्हणून ध्वनीवरून बेअरिंग पारखणारी उपकरणेही रूळालगत बसवली जातात. अपघातानंतर अमेरिकेतील मोठ्या रेल्वे कंपन्यांनी महत्त्वाच्या मार्गांवर डिटेक्टरांमधले सरासरी अंतर सुमारे २४ किमीपर्यंत आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले.

कल पाहायचा तर नोंद नेमक्या कोणत्या चाकाची हे कळले पाहिजे. चाकजोडी एका डब्यातून काढून दुसऱ्याला बसवली की तिचा इतिहासही तिच्यासोबत जायला हवा. डबा ओळखण्यासाठी त्यावर रेडिओ लहरींनी वाचता येणारे आरएफआयडी टॅग लावतात. खोट्या इशाऱ्यांचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. गाडी वारंवार विनाकारण थांबली की कर्मचाऱ्यांचा उपकरणावरचा विश्वास उडतो आणि मग खरा इशाराही दुर्लक्षिला जातो. त्यामुळे डिटेक्टरचीही नियमित पडताळणी लागते.

तरीही सगळ्यात अवघड दुवा मोजमापात नसून नोंद आणि दुरुस्ती यांच्यामध्ये आहे. इंग्लंडमध्ये हॅटफिल्डजवळ १७ ऑक्टोबर २००० रोजी ताशी सुमारे १८५ किमी वेगाने जाणाऱ्या गाडीखाली रूळ फुटून त्याचे ३०० हून अधिक तुकडे झाले आणि चार प्रवासी दगावले. त्या रुळाच्या कडेला पडलेल्या चिरांची माहिती संबंधितांना आधीपासून होती. रूळ बदलायचे ठरलेही होते. बदलले गेले नव्हते आणि तोवर वेगमर्यादाही घातली नव्हती. या हलगर्जीबद्दल २००५ मध्ये देखभाल कंत्राटदार बाल्फर बीटी आणि तेव्हाची रूळमालक कंपनी रेलट्रॅकची जागा घेतलेली नेटवर्क रेल या दोघांनाही न्यायालयाने दंड ठोठावला.