पिवळी जर्सी आणि काळा गोलरक्षक

विश्वचषक फुटबॉलचे दिवस आले की कोल्हापूरच्या पेठापेठांतून ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. आमच्या वस्तीतली पोरेही ब्राझीलची पिवळी जर्सी घालून हिंडतात. गेल्या विश्वचषकात पुतण्याने मला विचारले, "काका, ब्राझीलचा झेंडा हिरवा, मग जर्सी पिवळी कशी?" प्रश्न साधा होता. उत्तर शोधता शोधता मी जिथे पोचलो, ती जागा मात्र आपल्याला अनोळखी नाही. म्हणून हे लिहीत आहे.

काळ्यांच्या वेदनेशी आपण नाते जोडले ते प्रामुख्याने अमेरिकेमार्फत. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. १९७२ मध्ये आमच्या तरुणांनी 'पँथर' हे नाव उचलले तेही तिथूनच. परंतु जोतीराव ती अर्पणपत्रिका लिहीत होते तेव्हा ब्राझीलमध्ये माणसांची खरेदीविक्री कायदेशीर होती आणि आणखी पंधरा वर्षे गुलामगिरी टिकणार होती. आफ्रिकेतून पकडून ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवलेल्या माणसांची संख्या सुमारे ४८ लाख भरते. अमेरिकेत थेट उतरवलेल्यांच्या दहापटीहून ती अधिक आहे. अखेर १३ मे १८८८ रोजी राजकन्येच्या सहीने गुलामगिरी रद्द झाली. मुक्त झालेल्याच्या हाती जमीन आली नाही, शाळा आली नाही, भरपाईचा एक पैसा आला नाही.

त्यानंतर अवघ्या दीड वर्षात राजेशाही गेली, प्रजासत्ताक आले आणि १९ नोव्हेंबर १८८९ रोजी नवा ध्वज आला. हिरवे मैदान, पिवळा चौकोन, निळे आकाश, त्यावर पांढरी पट्टी. हिरवा म्हणजे अरण्य आणि पिवळा म्हणजे सोने, असे तिथल्या मुलांना शिकवतात. वास्तविक हिरवा रंग ब्रागांझा राजघराण्याचा आणि पिवळा रंग पहिल्या सम्राज्ञीच्या हाब्सबुर्ग घराण्याचा. राजा गेला, राजाचे रंग राहिले. पांढऱ्या पट्टीवर दोनच मूल्ये लिहिली गेली: सुव्यवस्था आणि प्रगती. ती ज्या ऑग्युस्त कॉम्तच्या सूत्रातून घेतली, त्या सूत्रात आरंभी प्रेम होते. ध्वजावर येताना नेमके तेवढेच गळले. दीड वर्षापूर्वीपर्यंत ज्यांच्या अंगावर चाबूक चालत होता, त्यांना 'सुव्यवस्था' हा शब्द कसा ऐकू आला असेल, याची कल्पना वाचकाने करावी.

फुटबॉल या देशात आला तो गोऱ्यांच्या श्रीमंत क्लबांतून. १९२३ मध्ये वास्को द गामा या क्लबाने काळ्या आणि कष्टकरी खेळाडूंना घेऊन रिओची स्पर्धा जिंकली, तेव्हा बड्या क्लबांनी वेगळी संघटना काढली आणि त्यातले बारा खेळाडू वगळण्याची अट वास्कोला घातली. १९२४ च्या एप्रिलमध्ये वास्कोच्या अध्यक्षांनी पत्र लिहून ती धुडकावली. आपल्याला यात नवे काय आहे? पी. बाळूंची फिरकी हिंदूंच्या संघाला हवी होती. चहाच्या सुट्टीत मात्र पुण्याच्या मैदानावर त्यांचा चहा बाहेर, वेगळ्या भांड्यात येत असे. चेंडू विटाळत नव्हता, कप विटाळत होता.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. १९५० पर्यंत ब्राझीलचा संघ पांढऱ्या जर्सीत खेळत असे. त्या वर्षी विश्वचषक ब्राझीलमध्येच भरला. १६ जुलैला रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेशी शेवटचा सामना झाला. पावणेदोन लाखांच्या आसपास तिकिटे विकली गेली होती. प्रत्यक्षात माणसे त्याहून जास्त. ब्राझीलला नुसती बरोबरी पुरेशी होती. पहिला गोलही ब्राझीलनेच केला. मग उरुग्वेने बरोबरी साधली आणि अकरा मिनिटे उरली असताना जिज्जा उजवीकडून आत घुसला. गोलरक्षक मोआसिर बार्बोसाला वाटले, हा चेंडू मध्ये देणार. तो पाऊलभर सरकला, आणि चेंडू खांब आणि त्याचे शरीर यांच्यामधून जाळ्यात गेला. दोन विरुद्ध एक. मैदान मुके झाले.

या पराभवाचे दोन निकाल लागले. एक कापडाचा, दुसरा माणसाचा.

कापडाचा निकाल असा. पांढऱ्या जर्सीत देश दिसत नाही, ती अपशकुनी आहे, अशी ओरड झाली. १९५३ मध्ये रिओच्या 'कोरेयो दा मान्या' या दैनिकाने नव्या पोशाखासाठी स्पर्धा जाहीर केली. अट एकच: ध्वजाचे चारही रंग आले पाहिजेत. उरुग्वेच्या सीमेवरच्या जाग्वाराव या छोट्या गावातला आल्दिर गार्सिया श्ली हा एकोणीस वर्षांचा चित्रकार पोरगा जिंकला. पिवळी जर्सी, तिला हिरवी गळपट्टी आणि बाह्यांना हिरवी किनार, निळी चड्डी, पांढरे मोजे. १९५४ पासून संघ याच पोशाखात उतरू लागला. पुढे श्ली लेखक आणि प्राध्यापक झाला. लष्करी राजवटीत त्याला अटक झाली. गंमत अशी, की तो आयुष्यभर उरुग्वेच्या बाजूचा होता. जगातले सर्वांत प्रसिद्ध राष्ट्रीय वस्त्र शिवले ते शेजारच्या देशावर जीव असलेल्या माणसाने.

माणसाचा निकाल वेगळा लागला. अकरा जण हरले; खापर फुटले ते तिघांवर: बार्बोसा, बिगोजी आणि जुवेनाल. तिघेही काळे. मारिओ फिल्यो या क्रीडा पत्रकाराने ब्राझीलच्या फुटबॉलमधील काळ्या माणसावर पुस्तक लिहिले आहे. त्याच्या १९६४ च्या आवृत्तीत त्याने ही गोष्ट स्पष्ट नोंदवली. काळा माणूस कसोटीच्या क्षणी कच खातो, हा समज पराभवाने पुन्हा वर काढला. जर्सी बदलता येते. बार्बोसाने कातडी कशी बदलावी? वीस वर्षांनी एका दुकानात एका बाईने आपल्या मुलाला त्याच्याकडे बोट दाखवून सांगितले की, साऱ्या ब्राझीलला रडवणारा माणूस तो हा. १९९३ मध्ये तो राष्ट्रीय संघाच्या सरावाच्या जागी भेटीला गेला, तर अपशकुन नको म्हणून त्याला आत घेतले नाही. आपल्या देशात जबर गुन्ह्याला तीस वर्षांची शिक्षा आहे, मी पन्नास वर्षे भोगतो आहे, असे तो म्हणे. ७ एप्रिल २००० रोजी तो वारला. विश्वचषकात पहिल्या पसंतीचा गोलरक्षक म्हणून पुन्हा काळा माणूस उभा राहिला तो २००६ मध्ये.

अपशकुन हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. सकाळी ज्याची सावली चालत नव्हती, त्याला तो शिकवावा लागत नाही.

छातीवरच्या बोधचिन्हाची कथाही हेच सांगते. जुन्या ढालीवरचा क्रूस पोर्तुगीज दर्यावर्द्यांच्या शिडांवरील क्रुसाशी नाते सांगतो. हीच गलबते गोव्याला लागली आणि हीच गुलाम वाहून नेत होती. १९७९ मध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र महासंघ झाला आणि चिन्ह बदलले. १९८२ च्या विश्वचषकात खेळाडूंच्या छातीवर जुल रिमे चषकाचे चित्र होते आणि सोबत कॉफीची डहाळी. जाहिरातीला बंदी होती, म्हणून पैसे देणाऱ्या सरकारी कॉफी संस्थेची खूण चिन्हातच बसवली गेली. ज्या पिकासाठी परायबाच्या खोऱ्यात गुलामांच्या पिढ्या मातीत गेल्या, त्या पिकाची डहाळी त्यांचेच वंशज छातीवर मिरवत होते. डिसेंबर १९८३ मध्ये खरा चषक रिओतून चोरीला गेला. चिन्हावरचा चषक तसाच राहिला. पुढे जुना क्रूस परत आला. आजही तोच आहे.

मग चिन्हे निरर्थक आहेत काय? मी तसे म्हणत नाही. शाळेत असताना १५ ऑगस्टच्या आदल्या दिवशी झेंड्याभोवतीचे मैदान झाडून त्यावर फक्की मारायचे काम आम्हा चौघांकडे असे. सकाळी दोरी ओढणारे हात दुसरे असत. तरीही त्या झेंड्याच्या मध्यावर अशोकाचे चक्र आहे आणि तो ठरवणाऱ्या १९४७ च्या समितीत बाबासाहेब होते, हे कळले त्या दिवशी मी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले. चिन्ह आपले होते ते त्यात आपला हात असतो म्हणून. दुसऱ्याने डोक्यावर फडकवले म्हणून नव्हे.

ब्राझीलच्या काळ्यांनी हे ओळखले. १३ मे हा मालकांनी दिलेला दिवस त्यांनी नाकारला. १९७१ मध्ये पोर्तो आलेग्रे शहरात कवी ऑलिव्हेरा सिल्व्हेरा आणि त्यांच्या साथीदारांनी २० नोव्हेंबर हा दिवस पाळला. पळून गेलेल्या गुलामांचे पाल्मारिस हे राज्य राखणारा झुंबी १६९५ मध्ये त्या दिवशी मारला गेला. बावन्न वर्षांनी, २०२३ च्या अखेरीस, तो देशभरच्या सुट्टीचा दिवस ठरला. दरम्यान पिवळी जर्सी कुठे गेली? ८ जानेवारी २०२३ रोजी निवडणुकीचा निकाल अमान्य करून ब्राझिलियामध्ये संसद आणि न्यायालय फोडणाऱ्या जमावातल्या कितीतरी जणांच्या अंगावर ती होती.

त्याच वर्षी १७ जूनला बार्सिलोनात गिनीविरुद्ध ब्राझीलचा संघ पहिल्यांदाच संपूर्ण काळ्या पोशाखात उतरला. व्हिनिसियस ज्युनियरला स्पेनमध्ये वर्णावरून झालेल्या छळाचा तो निषेध होता. मध्यंतरानंतर पुन्हा पिवळी जर्सी आली. काळ्या रंगाला पंचेचाळीस मिनिटे मिळाली.

जिंकला तर देशाचा, हरला तर जातीचा: हा न्याय केवळ ब्राझीलचा नाही. २०२१ मध्ये टोकियोत आपला महिला हॉकी संघ उपांत्य सामना हरला, तेव्हा वंदना कटारियाच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर फटाके वाजवून जातीवरून शिव्या दिल्या गेल्याची तक्रार नोंदली गेली. तिच्याही छातीवर देशाचेच चिन्ह होते.

पुतण्याला मी हे सगळे सांगितले. त्याला पेले ठाऊक होता, नेमार ठाऊक होता. बार्बोसा ठाऊक नव्हता. जर्सी त्याने काढली नाही, काढायचे कारणही नाही. मी त्याला एवढेच म्हणालो: देशाची परीक्षा चषक उचलताना होत नाही. चेंडू जाळ्यात गेल्यावर तो आपल्या गोलरक्षकाला काय म्हणतो, तिथे होते.