काचपट्टीवरचा डाग

१. ‘तपकिरी डाग आला’ : चिखलीहून लेखकाच्या काकांना परळच्या टाटा रुग्णालयात नेले, तेव्हा कानावर पडलेले हे शब्द त्याने तसेच ठेवले आहेत. (१९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी सांभाळली होती.) हा डाग फुफ्फुसावरचा नव्हे, काचपट्टीवरचा. गाठीचा सुईने काढलेला तुकडा मेणात बसवून त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप घेतात. त्यांवर ठरावीक प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड सोडतात. ते चिकटले, की त्याच्या आधाराने बसवलेले पेरॉक्सिडेज हे विकर डीएबी नावाच्या रसायनाला तपकिरी करते. हे विकर हॉर्सरॅडिशच्या मुळातून काढतात. झाड परदेशी, पण कूळ आपल्या मुळ्या-मोहरीचेच. फुफ्फुसाच्या कर्करोगात टीटीएफ-१ या प्रथिनाच्या प्रतिपिंडाने पेशीकेंद्र रंगले तर कल ॲडिनोकार्सिनोमा या प्रकाराकडे, पी-४०च्या प्रतिपिंडाने रंगले तर स्क्वेमस प्रकाराकडे; पुढची औषधे बरीचशी यावरच ठरतात. मात्र टीटीएफ-१ थायरॉइडच्या पेशींतही सापडते, म्हणून नुसत्या रंगावर निदान होत नाही.

पुढे लेखक याच डागाला ‘टीबीचा’ म्हणतो, ती सरळ चूक आहे. एक्स-रेवर डाग दिसला की क्षयच, ही जुनी समजूत इथे शिरलेली दिसते. टीबीचे जंतू झील-नील्सन पद्धतीत लाल दिसतात, आणि त्या रंगात विकराचा काही संबंध नसतो. – संपा.