टिंबांची लावणी

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात शाहिरी लावण्यांचा एक जुना संग्रह होता. त्यात मधूनमधून शब्दांच्या जागी नुसती टिंबं. संपादकांनी लाज राखली होती. पण लावणीला मात्रांचा हिशेब असतो आणि यमक आधीच वाजून गेलेलं असतं. त्यामुळे मागच्या बाकावरची पोरं गाळलेला शब्द बरोब्बर भरायची, बहुधा मुळापेक्षा चावट.

ही कात्री इंग्रजी शिकलेल्या पिढीची. पेशवाईत सोलापूरच्या राम जोशींनी ब्राह्मण असून तमाशाचा फड गाजवला आणि पुढे तेच मोरोपंतांच्या आर्या कीर्तनात गाऊ लागले. नंतरच्यांनी ही गोष्ट वाट चुकलेला माणूस मार्गाला लागल्यासारखी सांगितली. मला ते पटत नाही. फडात काय, कीर्तनात काय, शब्दांची तीच आतषबाजी.

मला लावणीत खुपतं ते शृंगारापेक्षा वेगळंच. त्या काळी कुणबिणी, म्हणजे दासी, विकत घेतल्या जायच्या. पेशवाईच्या कागदांत त्यांच्या किमती नोंदलेल्या आहेत. आणि बाईच्या तोंडी विरह घालणारे नावाजलेले शाहीर सगळे पुरुष, नाचायलाही बहुधा नाच्या पोऱ्या. याने कवितेला बाध येतो का? जिथे बाई म्हणजे नथ, चोळी आणि शालूची यादी, तिथे येतो. शाहिराने माल न्याहाळलाय, बाई पाहिलीच नाही. चौथ्या कडव्याला जांभई येते. पण जिथे ती रुसते, टोमणा मारते, उशिरा आलेल्याला दारातच जाब विचारते, तिथे त्याच शाहिराचा कान जागा असतो. म. वा. धोंडांनी १९५६ साली ‘मऱ्हाटी लावणी’ लिहून या प्रकाराला अभ्यासाच्या पाटावर बसवलं, तोवर आमचे बरेच पंडित टिंबांतच अडकलेले.

सरकारही तिथंच अडकलं. १९४७ साली ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला आणि त्याच सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती, मग वग लिहून मंजूर करून घेण्याचा नियम. लिहून! बतावणी उभ्याउभ्या सुचते, आणि कित्येक फडकऱ्यांना अक्षरओळखही नव्हती.

एक म्हातारा सोंगाड्या मला म्हणाला होता, “मास्तर, मंजुरीला कागद जायचा हरिश्चंद्राचा. रात्री फौजदार पुढं येऊन बसला, की बतावणी फौजदारावरच.”