डोबझान्स्की आणि फळमाशीचे दोन ‘वंश’ : एका जातिनिश्चितीचा इतिहास

दोन प्राणी एका जातीचे की भिन्न जातींचे, याचा निर्णय वर्गीकरणशास्त्रज्ञ दीर्घकाळ मुख्यत्वे बाह्यरूपावरून देत असत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आनुवंशिकीने या पद्धतीपुढे जी अडचण उभी केली, तिचे बोलके उदाहरण म्हणजे उत्तर अमेरिकेतील ड्रॉसोफिला स्यूडोऑब्स्क्युरा ही फळमाशी होय. प्रस्तुत लेखात थिओडोसियस डोबझान्स्की (१९००–१९७५) यांच्या संशोधनाच्या अनुषंगाने या उदाहरणाचा विचार केला आहे.

इ. स. १९२९ मध्ये लॅन्सफील्ड यांनी या माश्यांमधील दोन गटांचे संकर अभ्यासले. डोळ्यांना दोहोंत फरक दिसत नसे. परंतु संकरातून निपजणारे नर वंध्य असत, माद्या मात्र प्रजननक्षम राहत. संकरात एकच लिंग वंध्य होत असेल तर ते विषम लिंगगुणसूत्रे असणारे असते, हा हाल्डेन यांचा १९२२ मधील नियम येथे तंतोतंत लागू पडतो. या गटांना ‘वंश ए’ व ‘वंश बी’ म्हटले जाऊ लागले.

युक्रेनमध्ये जन्मलेले डोबझान्स्की १९२७ मध्ये अमेरिकेत मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. त्यापूर्वी त्यांनी ढालकिड्यांच्या वर्गीकरणाचा अभ्यास केला होता. संग्रहालयातील टाचणीला टोचलेला नमुना आणि निसर्गातील जिवंत समष्टी ही दोन्ही जगे त्यांना परिचित होती, ही बाब पुढील घडामोडींच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

फळमाशीच्या अळीच्या लालाग्रंथींत गुणसूत्रे अवाढव्य आकाराची असतात व त्यांवरील आडवे पट्टे सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. गुणसूत्राचा एखादा तुकडा उलटा बसला की पट्ट्यांचा क्रमही उलटतो. १९३६ मध्ये स्टर्टेव्हंट व डोबझान्स्की यांनी तिसऱ्या गुणसूत्रावरील अशा व्युत्क्रमणांवरून विविध रचनांची वंशावळच मांडली. ‘स्टँडर्ड’ ही रचना दोन्ही वंशांत सापडली. हे वंश एकाच पूर्वजापासून फुटले, याचा हा जणू लेखी पुरावाच होता.

व्युत्क्रमणांचा माशीच्या जगण्यावर परिणाम होत नसावा, असे डोबझान्स्की आरंभी मानत. कॅलिफोर्नियातील सॅन जॅसिन्टो पर्वतावरील नमुन्यांनी हे मत बदलले. तेथे मार्च ते जून या काळात ‘स्टँडर्ड’ रचनेचे प्रमाण घटे व ‘चिरिकाहुआ’चे वाढे, हा फेरा पुढील वर्षी पुन्हा येई. १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणांनी नैसर्गिक निवड काही महिन्यांतही मोजता येते, हे दाखविले.

१९३७ मधील ‘जेनेटिक्स अँड द ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात त्यांनी परस्पर-प्रजननातील अडसर हाच जातीचा निकष मानला. या निकषाने ‘ए’ व ‘बी’ भिन्न जाती ठरतात. तरीही ग्रंथकर्ता त्यांना वंशच म्हणत राहिला. ही विसंगती खटकते, पण समजण्याजोगी आहे. जी जाती संग्रहालयात ओळखता येत नाही, तिला नाव देणे वर्गीकरणाच्या परंपरेला रुचणारे नव्हते. अखेर १९४४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ एपलिंग यांच्यासह त्यांनी ‘वंश बी’ला ड्रॉसोफिला परसिमिलिस असे स्वतंत्र जातिनाम दिले. परसिमिलिस म्हणजे ‘अत्यंत सारखी’. नरांच्या जननांगांतील सूक्ष्म भेद १९५१ मध्ये नोंदविला गेला. म्हणजे आकारभेद जातिनिश्चितीनंतर हाती आला.

हा प्रश्न केवळ नावांचा नव्हता. भारतात हिवताप पसरविणाऱ्या ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीस डासातील दिसण्यात एकरूप अशा जाती १९८० पासून गुणसूत्रांच्या व्युत्क्रमणांवरूनच वेगळ्या करण्यात आल्या. त्यांपैकी ‘ए’ हिवतापाची वाहक आहे, तर ‘बी’ची वहनक्षमता अत्यल्प आहे. दोहोंना एक समजून केलेली डासांची गणना रोगाच्या धोक्याविषयी दिशाभूल करू शकते.

डोबझान्स्कींच्या फळमाश्यांवरील संशोधन पुढेही चालू राहिले. २००१ मध्ये नूर व सहकाऱ्यांना असे आढळले की या दोन जातींच्या संकरात वंध्यत्व आणणारे जनुकीय घटक प्रामुख्याने व्युत्क्रमित भागांत, किंवा त्यांच्याशी निगडित भागांत, आढळतात.