साइनिंग ऑफ

बर्मिंगहॅम येथील ‘यूबी४०’ या ब्रिटिश रेगे वृंदाची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका. बर्मिंगहॅमजवळच्या डडली या गावातील ग्रॅज्युएट रेकॉर्ड्स या छोट्या स्वतंत्र कंपनीने २९ ऑगस्ट १९८० रोजी ती प्रकाशित केली. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या गतीने वाजणारी, दहा गीतांची एक बारा इंची तबकडी आणि तिच्यासोबत ४५ फेऱ्यांच्या गतीची, तीन गीतांची दुसरी बारा इंची तबकडी असा हा संच असून ब्रिटनमधील खपाच्या यादीत त्याने दुसरे स्थान मिळवले आणि त्या यादीत तो ७० हून अधिक आठवडे राहिला.

नाव व वेष्टन : ब्रिटनमध्ये बेकारी भत्ता मागणाऱ्या व्यक्तीला सरकारी कचेरीकडून हजेरीचे एक कार्ड मिळत असे. त्याचा अधिकृत क्रमांक ‘यूबी ४०’ असा होता आणि त्यातील पहिली दोन अक्षरे बेकारी भत्त्याच्या इंग्रजी नावाची होती. कार्डधारकाने ठरलेल्या दिवशी कचेरीत जाऊन सही करायची आणि भत्ता घ्यायचा, तर नोकरी लागल्यावर नाव काढून घ्यायचे, अशी पद्धत होती. नाव काढून घेण्याच्या या क्रियेला ‘साइनिंग ऑफ’ म्हणत. वृंदातील तरुण स्वतःच बेकार असल्याने कार्डाचा क्रमांक त्यांनी वृंदाचे नाव म्हणून घेतला आणि पहिली ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा, आता भत्त्याची गरज उरली नाही, या अर्थी हे शीर्षक दिले. वेष्टनाच्या दर्शनी बाजूवर त्या पिवळसर कार्डाचीच मोठी केलेली प्रतिकृती असून तिच्यावर ध्वनिमुद्रिकेचे शीर्षक शिक्क्यासारखे उमटवले आहे. लोकप्रिय संगीताच्या वेष्टनांवर कलावंतांची छायाचित्रे छापण्याचा प्रघात असताना येथे सरकारी दप्तरातला एक कागद हेच चित्र ठरले, आणि दुकानातील मांडणीत तो कागद ओळखू न येणारे घर त्या वर्षी इंग्लंडच्या औद्योगिक पट्ट्यात क्वचितच असेल. मध्य प्रदेशातील सौंसर-पांढुर्णा भागात ज्याला ‘रोजगार पंजीयन’ म्हणतात त्या नोंदणीशी या कार्डाचे नाते जोडता येईल. मात्र आपल्याकडील नोंदणी ही मुख्यतः नोकरीच्या प्रतीक्षायादीतली नोंद असते, तर यूबी ४० हे प्रत्यक्ष पैसे मिळवून देणारे साधन होते. महाराष्ट्रात २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आलेल्या रोजगार हमी कायद्याने याच सुमारास तिसरा मार्ग धरला होता आणि भत्त्याआधी काम मागण्याचा हक्क दिला होता.

पार्श्वभूमी : जमैका बेटावर १९६० च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आलेल्या रेगे या संगीतप्रकारात गिटारचा किंवा ऑर्गनचा तुटक आघात मुख्य मात्रांवर न पडता दोन मात्रांच्या मधल्या जागी पडतो, चाल संथ असते आणि खर्जातील बास गिटार ही केवळ साथ न राहता स्वतंत्र सुरावट होते. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या कुटुंबांनी हे संगीत तेथे नेले व त्यांच्या ब्रिटनमध्ये वाढलेल्या पिढीने आपले वृंद उभे केले. लंडनच्या अस्वाद या वृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १९७६ मध्ये, तर बर्मिंगहॅमच्याच स्टील पल्स या वृंदाची ‘हँड्सवर्थ रेव्होल्यूशन’ १९७८ मध्ये आली. यूबी४० चे वेगळेपण असे की त्याचे आठ सदस्य एकाच वंशाचे नव्हते. इंग्रज, स्कॉटिश, जमैकन व येमेनी मुळांची मुले एकाच परिसरात वाढली होती आणि त्यांतील अनेकजण मोझली येथील कलाशाळेत एकत्र शिकले होते. अली कॅम्पबेल (गायन, गिटार), रॉबिन कॅम्पबेल (गिटार, गायन), अर्ल फॅल्कनर (बास), जिमी ब्राउन (ड्रम), ब्रायन ट्रॅव्हर्स (सॅक्सोफोन), मिकी व्हर्च्यू (कळवाद्ये), नॉर्मन हसन (तालवाद्ये) आणि ॲस्ट्रो या नावाने ओळखले जाणारे टेरेन्स विल्सन हे ते आठ होत. ॲस्ट्रो यांच्याकडे ‘टोस्टिंग’, म्हणजे तालावर लयबद्ध बोल म्हणण्याचे काम होते. कॅम्पबेल बंधूंचे वडील इयन कॅम्पबेल हे ब्रिटिश लोकसंगीतातील नामवंत गायक होते, त्यामुळे राजकीय आशयाचे गाणे या घराला परके नव्हते. अली यांना मद्यगृहातील मारहाणीत झालेल्या दुखापतीची सरकारी भरपाई मिळाली व तिच्यातून वाद्ये घेतली गेली. पहिला जाहीर कार्यक्रम फेब्रुवारी १९७९ मध्ये किंग्ज हीथ भागातील एका मद्यगृहात झाला आणि पुढे प्रिटेंडर्स या वृंदाच्या गायिका क्रिसी हाइंड यांनी आपल्या दौऱ्यात त्यांना संधी दिली.

ध्वनिमुद्रण : व्यावसायिक स्टुडिओचा खर्च परवडणारा नसल्याने मुद्रण बर्मिंगहॅममधील बॉब लॅम्ब यांच्या राहत्या जागेत, आठ ट्रॅकच्या यंत्रावर झाले. लॅम्ब पूर्वी स्टीव्ह गिबन्स बँडमध्ये ड्रमवादक होते. आठ ट्रॅक म्हणजे आठ स्वतंत्र ध्वनिपट्ट्या. वृंदातच आठ जण असल्याने प्रत्येक आवाजाला वेगळी पट्टी देणे शक्य नव्हते आणि कोणते आवाज एकत्र बसवायचे हे जपून ठरवावे लागे. सॅक्सोफोन स्वयंपाकघरात वाजवून घेतला, कारण तेथील भिंतींवरून आवाजाला नैसर्गिक घुमारा मिळत होता. काही तालवाद्ये घरामागच्या बागेत वाजवली गेली आणि त्यामुळे काही ठिकाणी पक्ष्यांचा आवाजही मुद्रित झाला, असे वृंदातील सदस्यांनी सांगितले आहे. या ध्वनिमुद्रिकेत वाद्यांमधली मोकळी हवा ऐकू येते आणि बास व सॅक्सोफोन यांच्यातले अंतर कानाला जाणवते. वृंदाच्या नंतरच्या, अधिक सफाईदार मुद्रणांत हा गुण क्वचितच सापडतो.

गीते : स्वतःच्या रचनांचे श्रेय वैयक्तिक नावांऐवजी संपूर्ण वृंदाला दिले आहे. पहिली बाजू ‘टायलर’ या गीताने सुरू होते. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात १९७४ मध्ये शाळेबाहेर झालेल्या गोळीबारात १३ वर्षांचा एक गोरा मुलगा मारला गेला व १६ वर्षांच्या गॅरी टायलर या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला अटक झाली. सर्व गोऱ्या पंचांच्या मंडळाने त्याला दोषी ठरवले आणि मृत्युदंडाची शिक्षा झाली. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्याचा अनिवार्य मृत्युदंडाचा कायदा घटनाबाह्य ठरवल्यावर ती जन्मठेपेत बदलली, आणि सुमारे ४१ वर्षांच्या कारावासानंतर एप्रिल २०१६ मध्ये टायलर यांची सुटका झाली. गीत निघाले तेव्हा हा खटला ब्रिटनमधील सामान्य श्रोत्याला फारसा ठाऊक नव्हता. दूरच्या गावातील घटना नावागावासह श्रोत्यांपुढे ठेवण्याचे जे काम महाराष्ट्रात शाहिराचा पोवाडा करीत आला, तेच काम येथे रेगेने केले आहे. ‘किंग’ हे मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर आहे. ‘बर्डन ऑफ शेम’ मध्ये ब्रिटिश नागरिक म्हणून साम्राज्याच्या व दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाच्या पापाचा वाटा आपल्याकडे येतो, ही जाणीव मांडली आहे. ‘फूड फॉर थॉट’ मध्ये एकीकडे भुकेने होणारे मृत्यू व दुसरीकडे नाताळचे खाणेपिणे यांचा विरोध आहे. त्याचा रोख कंबोडियाकडे की आफ्रिकेकडे याबाबत निरनिराळी विधाने आढळतात. ‘किंग’ व ‘फूड फॉर थॉट’ यांची छोटी तबकडी आधीच, १९८० च्या सुरुवातीस निघून चौथ्या स्थानापर्यंत पोचली होती, आणि मोठ्या कंपनीच्या पाठबळाविना पहिल्या दहांत गेलेली ती पहिली तबकडी होय असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. ‘आय थिंक इट्स गोइंग टू रेन टुडे’ हे मूळ रँडी न्यूमन यांचे गीत आहे. ‘अडेला’ व शीर्षकरचना केवळ वाद्यांच्या आहेत.

दुसरी तबकडी : तिच्या एका बाजूवर सुमारे तेरा मिनिटांचे ‘मॅडम मेडुसा’, तर दुसऱ्या बाजूवर ‘स्ट्रेंज फ्रूट’ व ‘रीफर मॅडनेस’ आहेत. ‘मॅडम मेडुसा’ चा रोख मे १९७९ मध्ये पंतप्रधान झालेल्या मार्गारेट थॅचर यांच्यावर असल्याचे मानले जाते. ‘स्ट्रेंज फ्रूट’ ही एबल मीरोपोल यांची, जमावाने झाडाला लटकावलेल्या कृष्णवर्णीयांविषयीची रचना असून ती बिली हॉलिडे यांनी गाऊन प्रसिद्ध केली. ही तबकडी ४५ च्या गतीवर असण्याचे कारण तांत्रिक आहे. खर्जाचा आवाज जितका मोठा तितकी तबकडीवरील खोबणीची हालचाल रुंद होते, म्हणजे शेजारच्या दोन खोबण्यांत अंतर जास्त ठेवावे लागते आणि एका बाजूवर कमी वेळ मावतो. बारा इंची तबकडी जलद फिरवून तिच्यावर थोडीच गीते ठेवली तर बास दबत नाही आणि वरचे स्वरही स्वच्छ येतात. जमैकात ‘डब’ या पद्धतीच्या, म्हणजे शब्द बहुतांशी काढून ताल, बास व प्रतिध्वनी यांवर उभारलेल्या रचनांसाठी बारा इंची तबकड्यांचा उपयोग याच कारणाने रूढ झाला होता. त्यामुळे या तबकडीला केवळ खपासाठीची भेट मानणे योग्य नाही. या संचातील सर्वांत लांब व सर्वांत कडवट गीत वृंदाने तिच्यावरच ठेवले आहे.

स्वागत व वाद : प्रकाशनाच्या त्याच महिन्यात ब्रिटनमधील बेकारांची संख्या २० लाखांवर गेली. मोटारनिर्मिती व धातुकामावर पोसलेल्या बर्मिंगहॅमला बेकारीची झळ तीव्र होती, आणि ध्वनिमुद्रिकेच्या यशाचा विचार या संदर्भाबाहेर करता येत नाही. वर्णभेदी राजवटीतील दक्षिण आफ्रिकेत निघालेल्या आवृत्तीतून ‘बर्डन ऑफ शेम’ वगळण्यात आले व या प्रकरणावरून वृंदाने ग्रॅज्युएटशी संबंध तोडले. त्यानंतर डेप इंटरनॅशनल ही स्वतःची संस्था स्थापून दुसरी ध्वनिमुद्रिका ‘प्रेझेंट आर्म्स’ १९८१ मध्ये काढली.

उत्तरकाल : ‘रेड रेड वाइन’ (१९८३) या गीतामुळे वृंद जगभर पोचला. अली कॅम्पबेल २००८ मध्ये बाहेर पडले. ब्रायन ट्रॅव्हर्स व ॲस्ट्रो यांचे २०२१ मध्ये निधन झाले.

भारतीय संदर्भ : बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागातील पंजाबी कुटुंबात जन्मलेले गायक अपाची इंडियन यांनी ‘नो रिझर्व्हेशन्स’ (१९९३) द्वारे रेगेत दक्षिण आशियाई शब्दकळा आणली. गोव्यात २०१६ पासून ‘गोवा सनस्प्लॅश’ हा रेगे महोत्सव भरू लागला.

आवृत्त्या : सीडीवरील आवृत्त्यांत दुसऱ्या तबकडीची तीन गीते पहिल्या दहांच्या पाठोपाठ सलग येतात, त्यामुळे मूळ मांडणीतील विराम आणि गतीतील बदल हरवतो. जुनी तबकडी विकत घेताना पिवळसर वेष्टनात ४५ ची दुसरी तबकडी आहे याची खात्री करून घ्यावी. ती नसलेली प्रत अपुरी होय.